कारभारी आबांचा बाप बदलला त्याची हकीकत

हसनाबाद, ता. भोकरदन
एप्रिल २००२

तीर्थस्वरूप धर्मराज अण्णा,

धाकट्या काकासाहेबाने इथूनच वाकून नमस्कार केला आहे, तो नाशकात पोचल्याचं समजावं. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत. (हा शब्द दरवेळी सवयीने लिहितो, या खेपेला मात्र विचार करून लिहिला आहे.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, ऐकून फार बरं वाटलं. हिरवी पट्टी काढली का? डोळ्यात थेंब टाकताना मान मागे करावी लागते, तेव्हा चक्कर येते म्हणतात, त्यामुळे पलंगावर बसूनच टाकावेत. इकडे ऊन मी म्हणतंय. विहिरीला पाणी आहे, मोसंबी तगून आहे, म्हातारी म्हैस परवा व्याली आणि पारडू झालं. सौ. नंदाची कंबर अधूनमधून धरते, पण बोलणं व्यवस्थित चालू आहे. चि. कौसल्या वडीगोद्रीच्या शाळेवर शिक्षणसेविका म्हणून रमली आहे आणि चांगुणाआत्याकडेच राहते. हायवेवरच्या आत्याच्या हॉटेलाचा चहा अजून तसाच, चमचा उभा राहील असा.

आता मूळ विषयाला येतो. अण्णा, तुम्ही घरात वडील. तुम्ही सांगावं आणि आम्ही ऐकावं, हे मला लहानपणापासून मान्य आहे. तुम्ही रिटायर झाल्यावर गाडेकर कुळाची वंशावळ जमा केलीत, इतक्या पिढ्यांची नावं स्वतःच्या हाताने लिहून पाठवलीत, ती कॉम्प्युटरवर घालून मोठ्या कागदावर छापून घे असं कळवलंत, आणि कौसल्याच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर वाचून दाखव म्हणजे सोयऱ्यांनाही कळेल आपण कोण, असंही वर लिहिलंत. यात तुमचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. नंदा म्हणते. तिला मी गप्प केलं आहे.

जालन्याला बसस्टँडच्या मागे महेमूदचं टायपिंगचं दुकान आहे, ते तुम्हाला आठवत असेल. त्याचे वडील रहमतुल्ला कोर्टाबाहेर बसून उर्दूत अर्ज लिहायचे. महेमूद आधी मशिनवर टाइप करायचा, आता त्याने कॉम्प्युटर घेतला आहे. माणूस बिलकुल सरळ, कामाचा वाघ, पण त्याचा कॉम्प्युटर त्याचं ऐकत नाही. पहिल्या खेपेला जो कागद निघाला त्यात आपले आजोबा रखमाजी यांचे सगळीकडे 'ररवमाजी' झाले होते. (महेमूद म्हणाला, अक्षरांचा संच बदलला की 'ख' फुटतो. आजोबा जितेपणी कुणाच्या बापाने फुटले नव्हते.) तुम्ही मूळ गावाच्या रकान्यात पहिल्या नावापुढे हसनाबाद लिहून त्याखाली सगळीकडे 'ऐजन' लिहिलं होतं. महेमूदने इमानदारीत तेच उतरवलं, फक्त मधे पान बदललं आणि वरचं हसनाबाद मागच्या पानावर राहिलं. त्यामुळे आपली निम्मी भावकी ऐजन नावाच्या गावची निघाली. शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला गंभीरपणे विचारलं की हे ऐजन इराणकडे आलं का, आणि गाडेकर तिकडून आले असतील तर रंग उजळ कसा नाही. माझं स्वतःचं तर विचारूच नका. नात्याच्या रकान्यात 'काका' आणि नावाच्या रकान्यात 'साहेब' असे माझे दोन तुकडे पडले होते, म्हणजे मी तुमचा धाकटा चुलत भाऊ, तो तुमचा चुलता होऊन बसलो. (त्या दिवसापुरता मला तुमचा नमस्कार येणं होता, तो मी सोडला.)

हे सगळं लाल पेनाने दुरुस्त करून मी कागद परत दिला. दुसरा कागद आला तो थेट साखरपुड्याच्या दिवशी सकाळी, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, गोल गुंडाळून. मांडव घालायचा होता, आचारी आला नव्हता, माइकवाला आला होता पण त्याची वायर आली नव्हती. त्या धांदलीत मी कागद उलगडून फक्त माझं नाव बघितलं. ते बराबर एका तुकड्यात होतं. मला समाधान वाटलं आणि मी कागद परत गुंडाळला.

धावड्याचे सोनुने जीप भरून आले. नवरा मुलगा रामकिसन, भोकरदनला बँकेत आहे, शांत, मान खाली घालून हसणारा. त्याचे वडील रामराव. आणि आजोबा कारभारी आबा, चौऱ्याहत्तरीचे, पांढराशुभ्र फेटा, अख्ख्या धावड्यात ज्यांच्यापुढे कुणी खाट टाकून बसत नाही असे. त्यांना मी पुढच्या गादीवर बसवलं. सुपारी फोडायच्या आधी माइक हातात घेतला, तुमच्या ऑपरेशनमुळे तुम्ही येऊ शकला नाहीत हे सांगितलं, आणि वाचायला सुरुवात केली. वाचनात मला गती आहे हे तुम्ही जाणताच. आजोबा रखमाजींपर्यंत आलो. त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे तुमचे वडील, दुसरे चिरंजीव म्हणजे माझे वडील, आणि त्याच लयीत माझ्या तोंडून निघून गेलं, तिसरे चिरंजीव कारभारी गाडेकर, त्यांचे चिरंजीव रामराव गाडेकर, त्यांचे चिरंजीव रामकिसन गाडेकर.

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. बाकी मांडवात पाणी वाढणारासुद्धा थांबला होता. आत्ताच्या आत्ता नवरा मुलगा नवरीचा चुलत भाऊ झाला होता, एका कुळाचा, एका देवकाचा, आणि हे मीच, मुलीच्या बापाने, लाउडस्पीकरवरून गावाला सांगितलं होतं. कारभारी आबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, माह्या बापाचं नाव काय म्हनला तुमी?"

अण्णा, इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं मास्तरकी केलेली, कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, आणि कागद समोर होता. मी परत बघितलं आणि म्हणालो, "रखमाजी." माइक चालूच होता.

आबा उठले. त्यांनी चपला घातल्या, फेटा सारखा केला आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांच्या मागे सगळे सोनुने उठले. रामराव जाताना मला एवढंच म्हणाले की चुकी झाली असंल तर ती आमाला समजती, पण आबांच्या आईचं नाव चारचौघांत आलं, आता आबा घरात ह्या सोयरिकीचं कुणालाबी बोलू देणार न्हाईत. खरंच होतं. मी बापाचं नाव बदललं असं मला वाटत होतं, पण घाव बसला होता तो आबांच्या आईवर. सुपारी ताटात तशीच राहिली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. नंदाने रडून घेतलं आणि मग ती माझ्याशी बोलायची थांबली, ते रडण्यापेक्षा जड होतं. भावकीला मात्र तोंडाला चव आली. पारावरची मंडळी म्हणू लागली की कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल, त्याला काय आपल्या शेतात वाटा पाहिजे? कुणी म्हणालं, तरीच आबांचं नाक गाडेकरांसारखं आहे. एकदा दाढी करताना मी स्वतः आरशात बराच वेळ नाक बघत उभा राहिलो, आणि मला खरंच तसं वाटायला लागलं होतं, हे तुम्हाला म्हणून लिहितो.

कौसल्या तेवढी रडली नाही. साखरपुड्यासाठी रजा घेऊन आली होती, ती दुसऱ्या दिवशी बॅग भरून वडीगोद्रीला निघाली. जाताना मला म्हणाली, "बाबा, मुलगा मी बघितला, घर तुम्ही बघितलं. कॉम्प्युटरने काय बघितलंय?" तिला बसमध्ये बसवून मी तिथूनच जालन्याची गाडी पकडली.

महेमूदला मी रागाने बोलायला गेलो होतो. पण त्याने कागद बघितला आणि तो खुर्चीत बसला तो उठेचना. झालं होतं असं. माझ्या लाल पेनाच्या दुरुस्त्या करताना वीज गेली आणि आपली वंशावळ जी गेली ती गेलीच. साखरपुडा तोंडावर. महिनाभर आधी रामराव सोनुने वारसाच्या नोंदीसाठी त्यांच्या घराण्याची वंशावळ त्याच्याकडेच टाइप करून घेऊन गेले होते. तिच्या चौकटी तयार होत्या. महेमूदने वेळ वाचवायला त्या चौकटी घेतल्या, सोनुने आडनाव काढून गाडेकर घाल असा कॉम्प्युटरला एकदाच हुकूम दिला, त्याने तो मुकाट्याने सगळीकडे पाळला, आणि मग महेमूद एकेका चौकटीत आपली नावं भरत गेला. वरच्या चौकटीत आबांच्या वडिलांच्या जागी आजोबा आले. पहिल्या दोन मुलांच्या जागी तुमचे आणि माझे वडील आले. आपल्याकडे मुलगे दोनच, सोनुन्यांकडे तीन. तिसरी चौकट पुसायची राहिली. तिथे कारभारी आबा सहकुटुंब तसेच बसून राहिले.

तिथल्या तिथे माझा जीव निम्मा खाली पडला. पण निम्माच, कारण हे आबांना कोण सांगणार? रामरावांना फोन लावला तर ते हळू आवाजात म्हणाले की आबा म्हणतात, ज्या यंत्रानं सांगितलं त्यालाच घेऊन या आणि माह्यासमोर बोलवा. आबांनी तोवर कॉम्प्युटर बघितलेला नव्हता. पण महेमूदला ते पटलं. त्याच्या बायकोने, रहिमुन्निसाने, स्वतःची गोधडी काढून दिली, त्यात त्याने कॉम्प्युटर बांधला, आणि ती त्याला माझ्यासमोर म्हणाली, "माफी मांगे बगैर घर कू आना नक्को." दोन दिवसांनी आम्ही जीप केली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला महेमूद त्या गोधडीला कवटाळून धरायचा, पोटुशी बाई सांभाळावी तसा.

धावड्याला पोचलो तर वीज नव्हती. सकाळी गेलेली, संध्याकाळी येणार. आबांच्या ओसरीवर खाटेवर चादर टाकली आणि तिच्यावर कॉम्प्युटर ठेवला. तो तिथे काळ्या तोंडाने बसून राहिला. येणारे-जाणारे वाकून बघून जात होते, एका म्हाताऱ्याने चुकून त्याला रामराम घातला. सोनुन्यांकडच्या रीतीप्रमाणे खाटेवर बसलेल्याला आधी पाणी येतं, तसं एक तांब्या-पेला त्याच्यापुढेही आला. आबा समोर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "ह्ये मुकं हाय का?" महेमूदने चौकटींची सगळी हकीकत सांगितली, हात जोडून माफी मागितली. आबा म्हणाले की पोरा, तुझ्यावर माझा राग न्हाई, तू पोटासाठी करून राह्यला. पण ते उठले नाहीत आणि चहा सांगितला नाही. महेमूदची चूक त्यांना मान्य होती. पण गाडेकरांच्या तोंडून निघालेला शब्द गाडेकरांनीच कसा परत घ्यायचा, ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात दारात टमटम थांबली. आतून आधी कौसल्या उतरली आणि मग तिचा हात धरून चांगुणाआत्या. मला कुणी काही कळवलं नव्हतं. वडीगोद्रीहून धावडा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक, आत्याने हॉटेल नोकरांवर टाकून दोन एसट्या बदलल्या होत्या. ती पदर सावरत ओसरी चढली, खाटेवरच्या कॉम्प्युटरला 'सरक' म्हणाली, आणि तो सरकेना म्हणून त्याच्या शेजारी बसली.

"कारभारी, वळखलं का?" ती म्हणाली. (आपल्याकडे बायका 'कारभारी' कुणाला म्हणतात ते तुम्ही जाणता. आत सैपाकघरात आबांच्या मंडळींच्या, सगुणाबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.) "मी रखमाजीची चांगुणा. पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात तुमी हसनाबादला पोरगी बघाया आल्ते. ती पोरगी मी."

अण्णा, मला हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नसणार, तुमच्या यादीत न घडलेल्या लग्नांना रकाना नव्हता. आत्या सांगत गेली. आजोबांनी स्वतः धावड्याला जाऊन हे स्थळ आणलं होतं. पसंती झाली, दिवाळीनंतरचा बेत ठरला, आणि मग रझाकारांची ती सगळी धामधूम सुरू झाली. आजोबा पोरंबाळं घेऊन बुलढाण्याकडे निघून गेले, सोनुने कुठे पांगले ते कुणाला ठाऊक नव्हतं. परत येऊन घडी बसेपर्यंत आत्याला वडीगोद्रीचं स्थळ आलं आणि इकडे आबांचंही उरकलं. कुणी कुणाला दोष दिला नाही. गोष्ट तिथेच राहिली.

"आता तुमीच सांगा," आत्या म्हणाली, "पोटच्या पोराला कोनी आपलीच लेक दावतं का? आमचा बाप तापट हुता. येडा न्हवता."

आबांनी आत्याकडे बघितलं ते बघतच राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. "शेवयाची खीर केल्ती तुमी," ते म्हणाले. "खारट झाल्ती."

"मीठ आईनं टाकल्तं," आत्या म्हणाली. "तिला जावई पसंत न्हवता."

आणि आबा हसले. आधी पोटातल्या पोटात, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रामराव हसले, मी हसलो, महेमूद तर कॉम्प्युटरवर डोकं टेकून हसत होता. कौसल्या खांबाला टेकून उभी होती, तिने आत्ता कुठे पदराने डोळे पुसले. अण्णा, छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलावं तसं मला झालं.

पण सगुणाबाई अजून बाहेर आल्या नव्हत्या. पन्नास-बावन्न वर्षांच्या संसारात हे त्यांना आज प्रथमच कळत होतं. आबांच्या हे लक्षात आलं तसे ते हसायचे थांबले आणि फेटा चाचपू लागले. सगुणाबाई चहाचं ताट घेऊन आल्या. सगळ्यांना दिला, आत्याला बशी पुसून दिला, आणि आबांपुढे कप ठेवलाच नाही. मग आत्यासमोर बसल्या, तिला एकदा नीट न्याहाळलं, आणि म्हणाल्या, "तवा रखमाजीनं लेक दिली न्हाई. आता त्येची पणती तरी द्या. न्हाईतर ह्ये मानूस मरस्तवर खिरीचंच बोलंल."

सुपारी तिथेच फुटली. हसनाबादच्या मांडवात राहिलेली सुपारी धावड्याच्या ओसरीवर, कॉम्प्युटरच्या साक्षीने, दुसरी आणून फोडली. नंदाला फोन केला तर ती चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि तेव्हापासून थांबलेली नाही. संध्याकाळी वीज आली तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. रामकिसन भोकरदनहून येऊन पोचला होता, तो आणि कौसल्या अंगणात काय बोलत होते ते मी ऐकलं नाही. आबांनी मात्र महेमूदला थांबवून कॉम्प्युटर लावायला सांगितला, आपल्या बापाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर बघितलं, आणि मगच आम्हाला जाऊ दिलं. लग्न वैशाखात, हसनाबादलाच. सगळं मार्गी लागलं आहे, तुम्ही काही काळजी करू नये. डोळा जपावा. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमचा धाकटा,
काकासाहेब (एका तुकड्यात)

ता. क. लग्नपत्रिका सोबत पाठवतो आहे. भरपाई म्हणून महेमूदने ती हौसेने स्वतः करून दिली, मला नाही म्हणवलं नाही. तुम्ही वडील म्हणून निमंत्रक तुम्हीच आहात. आजोबांच्या नावामागचं 'कै.' मात्र एक ओळ खाली घसरून तुमच्या नावामागे आलं आहे. आजोबा त्यामुळे हयात झाले असून मंडपाच्या दारात स्वागताला उभे राहणार असं छापलं आहे. हे माझ्या लक्षात येईतो पत्रिका वाटून झाल्या होत्या.

ता. क. दुसरा. काल धावड्याहून रामराव आणि दोन माणसं तुमच्या दुखवट्याला येऊन गेली. मी शाळेत होतो. नंदाला काही उमगलं नाही, तिने हसत हसत पोहे केले, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आबांचा निरोप आहे की घरातला कर्ता पुरुष गेला, तर वर्ष सरल्याबिगर मांडव कसा घालायचा. संध्याकाळीच धावड्याला जाऊन अण्णा ठणठणीत आहेत असं मी शपथेवर सांगितलं. पण आबा म्हणाले, "गुरुजी, लगीन लांबू नये म्हनून तुमी मयत लपवून राह्यले." मागचा कागद खोटा होता म्हणून हाही खोटाच कशावरून, हे त्यांचं म्हणणं. पत्र दाखवलं तर म्हणतील मरायच्या आधी लिहून ठेवलं असेल, फोनवर आवाज कुणाचाही निघतो.

ता. क. तिसरा, आणि खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. हे मिळताच पहिल्या गाडीने निघावं. हसनाबादला न उतरता तसंच थेट धावड्याला जाऊन आबांच्या ओसरीवर दोन घोट चहा घ्यावा. वहिनींना बरोबर न्यावं, आणि कुंकू जरा मोठं लावायला सांगावं.